शेपटाच्या पाण्याचा वसा

ऐक गं पाटातल्या पाणयाई, तुझी कहाणी.

आटपाट नदीच्या काठी तीन गावं होती. एक वरचं, एक मधलं, एक शेपटाचं. नदीला एक बंधारा, बंधाऱ्याला एक पाट, वरच्या गावी निघून शेपटाच्या गावी संपणारा. जुन्यांनी रीत घातली होती: चैत्रात पाणी उतरलं की पहिली पाळी शेपटाच्या गावाची, मग मधल्याची, मग वरच्याची. वरच्यांना पाणी डोळ्यांसमोर दिसतं, त्यांना धीर धरता येतो. पाळी सोडायचा मान वरच्या गावच्या पाटलिणीचा. तिनं विहिरीत काठी घालून पाणी मोजावं, पाणी तेवढंच पीक धरावं. मग पाटाला हळदकुंकू वाहावं, पाण्यासंगं पायी शेपटापर्यंत चालत जावं.

पाटलीण होती म्हाळसाबाई. तिला एकच लेक, ठकू. ती दिली शेपटाच्या गावी. लेक गेली नि घर खायला उठलं. ठकूला उसाचा रस आवडे, मोगरा आवडे. म्हाळसाबाई मनाशी म्हणाली, "आखाजीला लेकी माहेरी येतात. माझीही येईल. तिच्यासाठी मळ्यात ऊस हवा, दारी मोगरा हवा." काठी घातली नाही, पाणी मोजलं नाही, तिप्पट ऊस लावला.

चैत्र आला. पाटकरी रावजीबुवा आले. "पाटलीणबाई, पाळी सोडू ना?"

"आठ दिवस थांबा बुवा. ऊस कोवळा आहे. शेपटाला आड आहेत, भागेल त्यांचं."

आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. वसा टाकला तो टाकलाच.

पहिली आखाजी आली. म्हाळसाबाईनं मुराळी धाडला. मुराळी एकटाच परत आला. "ताई म्हणाल्या, पाण्याचा फेरा झाला की येते." म्हाळसाबाई वाट बघत बसली. झोका रिकामा हलला.

दुसरी आखाजी आली. गाडी जुंपून धाडली. गाडी रिकामी परत आली. "ताई म्हणाल्या, फेरा झाला की येते." मोगरा फुलला, झाडावरच सुकला.

तिसरी आखाजी आली. कुणाला धाडलं नाही. म्हाळसाबाईनं गुळपोळ्या बांधल्या, पाटाच्या कडेकडेनं स्वतःच निघाली. मधल्या गावी पाट ओलसर होता. पुढं भेगाळला. शेपटाला गेली तर पाटात शेरडं बसलेली.

नदीच्या वाळूत झिरा खणला होता. भोवती बायकांची रांग. करवंटीनं पाणी भरत एक बाई आत वाकली होती. पाठीची हाडं मोजून घ्यावी. म्हाळसाबाईनं पाठीवरून लेक ओळखली.

"ठकू, बाळ."

ठकूनं मान वळवली, पण उठली नाही. "आई, बस जरा. उठले तर माझी पाळी जाईल."

रांगेतली एक म्हणाली, "वरच्या गावच्या पाटलीणबाई ना? रस आणलात का आमच्यासाठी?"

दुसरी म्हणाली, "अगं, लेकीला नाही, तुला कुठला?"

म्हाळसाबाईनं मान खाली घातली. रांगेच्या शेवटी एक म्हातारी होती, तिच्या पाया पडली. "आजी, तुम्हाला तर आड होते."

"पाट वाहायचा, त्याच्या पाझरानं आड भरायचे. पाट थांबला, आड आटले."

"मी लेकीसाठीच पाणी अडवलं होतं, आजी. आता काय करू?"

"टाकलास तो वसा उचल. पाणी मोजावं, मग पेरावं. शेपटाला आधी पाजावं, मग आपण प्यावं. उतू नये, मातू नये, दारात पाणी आलं म्हणून दुसऱ्याची पाळी विसरू नये."

म्हाळसाबाई घरी आली. आपल्या मळ्याची दारं स्वतःच्या हातानं मातीनं बुजवली. पाटील म्हणाले, "ऊस वाळेल."

"वाळू दे."

"मोगरा जाईल."

"जाऊ दे."

"लोक हसतील."

"तीन वर्षं शेपटाचे रडले, आता हसू देत."

मग बायकांना हाक घातली, पाट उपसला, पाळी सोडली. पाणी पुढं, म्हाळसाबाई मागं. शेपटाला पाणी पोचलं. पहिल्या पाळीला माती प्याली, दुसऱ्या पाळीला आड पाझरले, तिसऱ्या पाळीला घागर बुडाली.

ऊस वाळून गेला होता. दारी फूल नव्हतं. अशा घरी ठकू आली. ओट्यावर बसली, आईच्या मांडीवर डोकं टेकलं, "जरा पडते गं" म्हणाली नि झोपली. दुपार झाली, जेवणवेळ टळली. पाटील म्हणाले, "उठव तिला, ताट वाढलंय." म्हाळसाबाईनं नुसता हात हलवला. मांडीला मुंग्या आल्या, पण ती हलली नाही. तीन वर्षांची झोप ती, ऊन कलेपर्यंत चालली.

जशी पाणयाई म्हाळसाबाईला पावली, तशी तुम्हाआम्हांला पावो. ज्यांची वाट बघतो ती माणसं दमलीभागली का होईनात, घरी येवोत. साठा उत्तरांची ही कहाणी वरच्या दारी निघाली, पाचा उत्तरांनी शेपटाच्या वाफ्यात पोचली, तिथं सुफळ संपूर्ण झाली.