दाजीसाहेबांची शपथ

नगराध्यक्षाची निवडणूक तोंडावर आली, तेव्हा उमेदवार दाजीसाहेब धुरींनी एका तिन्हीसांजेला साऱ्या आळीला सातेरीच्या देवळात बोलावलं. देवीचा भगत तातू घाडी घुमू लागला. त्याच्या तोंडून बायकी, ओलसर आवाज आला, "जो दाजीच्या पक्षाला मत देणार नाही, त्याच्या घरी पाळणा हलणार नाही. माझ्या पायांवर हात ठेवून शपथ घ्या!"

द्वारका मेस्त्रीच्या अंगावर काटा आला. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते, आणि मत तर तिला दुसऱ्यालाच द्यायचं होतं. माणसं थरथरत शपथ घेत होती. तिची पाळी आली तेव्हा तिने हात जोडले.

"घेते, आई. पण मागच्या खेपेला ह्याच पायांवर हात ठेवून दाजीसाहेब म्हणाले होते, 'पक्ष सोडला तर माझा निर्वंश होवो.' पक्ष तर त्यांनी सोडला. मग त्यांचं काय करणार आहेस?"

तातू घुमायचा थांबला. त्याचे पांढरे डोळे सावकाश दाजीसाहेबांकडे वळले.

दाजीसाहेबांना घाम फुटला. "अगं, निवडणुकीतल्या शपथा देवी मनावर घेत नाही!" ते घाईघाईने बोलून गेले.

"असं होय? मग मीही खुशाल घेते," म्हणत द्वारकाने देवीच्या पायांवर हात ठेवला.

देवळात हशा पिकला. उरलेल्यांनीही हसत हसत शपथा घेतल्या आणि सगळे घराकडे निघाले. द्वारका सर्वांत मागे होती. दाजीसाहेब भगताच्या कानाशी लागून चिडून कुजबुजले, "पुरे आता, तातू!"

तोच ओलसर आवाज तिला पायरीवर ऐकू आला, "तातू कुठे आहे इथे, दाजी?"