न घातलेली चप्पल

कोल्हापूरच्या सर्जेराव इंगवल्यांची लाल स्पोर्ट्स कार गल्लीत निघाली की लोक दारात येऊन उभे राहत. पण ती निघायची वर्षातून चारदा; एरवी शेडमध्ये झाकलेली. त्या पावसाळ्यात सर्जेराव आबांनी नातीला, सईला, तिच्यातून गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात न्यायचं ठरवलं.

सून वृषाली आडवी आली. "आबा, टायर दहा वर्षांचे झालेत. रबर कडक होतं. ओल्या रस्त्यावर गाडी धरून राहायची नाही."

"टायरवरची नक्षी बघ की जरा. जशीच्या तशी आहे. जी वस्तू वापरलीच नाही ती म्हातारी कशी होईल?"

सई पुढच्या सीटवर बसलीसुद्धा होती.  वृषालीने माळ्यावरून एक खोकं काढलं. दहा वर्षांपूर्वी गाडी घेतली त्याच दिवाळीला आबांसाठी आणलेली रबरी चप्पल त्यात तशीच पडून होती. अंगणातल्या गुळगुळीत फरशीवर तिने बादलीभर पाणी ओतलं आणि चप्पल आबांपुढे ठेवली.

"ही घालून गाडीपर्यंत जा."

आबांनी चप्पल वाकवून पाहिली. तळ लाकडासारखा टणक झाला होता.

"ही घालून ओल्यात चालू? कंबर मोडायची आहे होय माझी?"

"पण आबा, नक्षी जशीच्या तशी आहे. एकदाही पायात घातलेली नाही."

आबा चपलेकडे बघत राहिले, मग गाडीतून हात हलवणाऱ्या सईकडे.

"सई, उतर खाली. उद्या जाऊ."

मग त्यांनी टायरवाल्याला फोन लावला. "नवे आहेत ते कळलं हो. बनवलेत कधी, ते सांगा."