दर्भाची पत्नी

“पण शास्त्रात तशी मुभा आहे ना, गुरुदेव?”

सत्यघोषानं पुन्हा तेच विचारलं. आर्जवमुनींनी डोळे उघडले नाहीत. ते वयानं थकले होते, आणि असल्या प्रश्नांनी त्याहून जास्त.

सत्यघोष राजसभेतला नामांकित आख्यानकार. स्वयंवरं, सप्तपदी, पतीमागून वनात गेलेल्या राण्या... तो विवाहाचं पावित्र्य गायला लागला की भल्याभल्यांचे डोळे भरून येत. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, तशातली गत. त्याची स्वतःची पत्नी सुमेधा रुसून माहेरी गेली होती. उद्या घरी यज्ञ होता, आणि पत्नी शेजारी नसलेल्या यजमानाला आहुती देता येत नाही.

“तिला बोलावलंस?”

“मी का बोलावू? गेली ती.”

“मग?”

“दर्भाची प्रतिमा करून शेजारी बसवतो. चालेल ना?”

मुनींनी सुस्कारा सोडला.

“कर. इथेच बसवून बघ.”

सत्यघोषानं दर्भ वळून प्रतिमा केली, आश्रमातल्या होमकुंडापाशी आपल्या उजवीकडे बसवली. होमाच्या वेळी पत्नी पतीच्या हाताला हात लावून बसते, तसा तिचा हात आपल्या दंडावर टेकवला. सुमेधेपेक्षा ही गप्प होती, याचं त्याला बरंच वाटलं.

मग तो मंत्र म्हणू लागला. आवाज छान लागला होता. आपल्याच आवाजात रंगून तो पळीमागून पळी तूप सोडत राहिला.

भडका उडाला. दर्भाचा हात पेटला, आणि बघता बघता सगळी प्रतिमा जळून गेली.

सत्यघोष मागे सरकला. त्याच्या भुवया होरपळल्या होत्या, दंडावर राख होती. त्याला एकदम फार एकटं वाटलं.

“ती असती तर...”

“तर काय?”

“हात दाबला असता. तूप जास्त झालं की ती दाबते.”

“आणि तू?”

त्यानं दंडावरची राख पुसली.

“मागच्या होमात तिनं पाहुण्यांदेखत माझा हात धरला, गुरुदेव. मला अपमान वाटला. नको ते बोललो... म्हणून तर गेली.”

मुनींनी उजव्या हातावरचं वल्कल कोपरापर्यंत सारलं. हातभर भाजल्याचे डाग होते. काही जुने, काही अजून ओले.

“हे सगळे,” ते म्हणाले, “तुझी गुरुमाता गेल्यानंतरचे.”