घुशीचा भुलभुलैया

उंदरांना शेपट्या फुटायच्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका घुशीने चिंचेखाली बिळांचा भुलभुलैया खणला. आत खेळायचं तर एक शेंगदाणा द्यायचा. त्यावर तिची सात पिल्लं जगत.

टिल्लू उंदराने शेजारीच हुबेहूब तसा भुलभुलैया खणला, तोही फुकट! घुशीकडची गर्दी आटली, पिल्लं उपाशी राहू लागली. चिडून तिने, फुकट्यांनी चोरून आत शिरू नये म्हणून, आपल्या दारात काटे पेरले. फुकटे तर टिल्लूकडेच होते. काटा रुतला दाणा देणाऱ्या सशाला.

"मावशी, दाणाही आम्हीच द्यायचा आणि काटाही आम्हीच काढायचा?"

घूस खजील झाली. तिने काटे उपसले, सगळ्यांना फुकट आत सोडलं आणि ती दर बुधवारी एक नवं वळण खणू लागली. नवं वळण त्याच दिवशी हवं असेल तर दाणा द्या, नाहीतर आठवडाभर थांबा. थांबतंय कोण? पिल्लांची पोटं टम्म झाली.

एका बुधवारी रांगेत टिल्लू दिसला.

"नक्कल संपली वाटतं?"

"माझं खणून होतंय तोवर तुमचं पुढचं वळण तयार! कंबर मोडली, मावशी. आता नुसतं खेळू द्या."

घुशीने त्याचे पंजे निरखले.

"हात चांगलाय रे तुझा. पुढच्या बुधवारचं वळण तू खणतोस?"