पंतांची कोरडी विहीर

कोंडसावळ्याच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळपठारावर, देवीच्या राईपासून थोडं वर चढलं की जांभ्यात खोदलेली एक विहीर लागते. पायऱ्या नाहीत, रहाट नाही, पाण्याचा तर थेंब नाही. भर पावसातही तिच्यात पाणी ठरत नाही म्हणे. पाहुणे आत डोकावतात आणि विचारतात, बुजवून का टाकत नाही? मग देवळातले दाजी गुरव सावलीत बसकण मारतात. "बुजवायची कशी? पान्यासाठी ठेवलीच न्हाय ती. शाळेसाठी ठेवलीय," असं म्हणून ते सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट. गावात अंताजीपंत नावाचे पंतोजी होते. देवळाच्या ओसरीवर त्यांची शाळा भरे. पाढे, पावकी, निमकी, सारं पाठ. चुकलं की छडी. पंतांना येत नाही असं जगात काही नाही, अशी गावाची समजूत होती आणि पंतांचीही. सड्यावरचे खळगे उन्हाळ्यात कोरडे ठाक असतात, मग पाऊस पडताच तिथे बेडूक येतात कुठून, असं एकदा हरबा नावाच्या पोराने विचारलं. "ढगातून पडतात," असं सांगून पंतांनी त्याला पुढचा पाढा दिला.

हरबा पंतांचा लाडका होता. मोठा झाला, मुलूख हिंडून आला आणि सड्यावर पोरं जमवून बसू लागला. पोरांनी त्यालाही बेडकांचं विचारलं. तो म्हणाला, "मला ठाव नाय. चला, बघू." सगळ्यांनी मिळून खळग्यातला वाळलेला गाळ उकरला, तर तळाशी बेडूकमहाराज गाढ झोपलेले! दुसऱ्या दिवसापासून ओसरी ओस पडू लागली.

पंतांना घास गोड लागेना. हरबा वाईट शिकवत असता तर त्यांनी त्याला माफ केलं असतं. झोंबलं ते हे, की जे शब्द तोंडून निघाले तर पंतांची अब्रू गेली असती, त्याच शब्दांवर पोरं जीव टाकत होती. त्यात भर म्हणजे त्यांची नात येसू. ओसरीवर मुलींना जागा नव्हती; सड्यावर कोणी अडवत नव्हतं. ती रोज तिकडे जायची आणि घरी येऊन हरबादादाचं कौतुक सांगायची. पंत ते ऐकायचे आणि आतल्या आत जळायचे. आपल्याच हाताने लावलेलं झाड आपल्याच अंगणावर सावली धरतंय, हे त्यांना सहन होईना.

शिमग्यात पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली, तेव्हा पंतांनी भरल्या गावासमोर देवीची शपथ घातली. "ज्याच्या तोंडून 'ठाऊक नाही' असं येईल, त्याने या गावात शिकवू नये." गुरवाने कौल लावला, देवीने उजवा, म्हणजे होकार, दिला. कोणीतरी हरबाला पहिलाच प्रश्न टाकला. हरबाने खोटं उत्तर दिलं नाही, "ठाव नाय" म्हणाला. त्याच संध्याकाळी तो घाटीपलीकडच्या गावी निघून गेला, आणि पंतांना कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली असं सांगतात.

त्याच वर्षी गावाचा झरा आटला. लोक पंतांकडे आले. "पंत, पानी खय गावंल?" पंतांना काहीच ठाऊक नव्हतं. पण तसं म्हणावं तर स्वतःच्याच शपथेने ओसरी सोडावी लागणार, आणि घाटीपलीकडे हरबा हसणार. पंतांनी सड्यावर काठी टेकली. "इथे खणा."

गाव खणू लागलं. वैशाखाचं ऊन, तापलेला कातळ, माणसं घेरी येऊन पडायची. कोणी विचारलं की पंत म्हणायचे, "अजून वावभर, चार हात." खरं बोलावं असं रोज त्यांच्या ओठांवर यायचं, आणि रोज डोळ्यांसमोर हरबाचा चेहरा उभा राहायचा. की पुन्हा तेच, "अजून वावभर."

येसूही मातीच्या पाट्या वाहत होती. एका दुपारी पंत शिडीने खाली उतरले, तर ती तळाशी बसलेली, ओठ फुटलेले, हातात पाटी तशीच. तिने विचारलं, "आजोबा, इथे पाणी आहे ना?"

वर कडेला सगळं गाव वाकून बघत होतं. पंतांनी तिच्या हातातली पाटी काढून घेतली. मग म्हणाले, "बाळ, मला ठाऊक नाही. पहिल्या दिवसापासून ठाऊक नव्हतं."

नातीला पाठुंगळी घेऊन ते वर आले, ओसरीवरची छडी देवीपुढे ठेवली आणि तसेच घाटीपलीकडे चालत गेले.

"हरबा, आमच्या गावाला पाणी कुठे लागेल?"

"मला ठाव नाय, पंत."

पंतांनी काठी उचलली. मग म्हणाले, "चल तर, बघू."

हरबा आला. पोरांना घेऊन दोघे रानोमाळ हिंडले, मधमाश्या पाणी प्यायला कुठे उतरतात त्यावर नजर ठेवली आणि राईच्या खालच्या अंगाला पाणी सापडलं. शपथ घालणाऱ्या पंतांच्याच तोंडून ते शब्द आले, मग ती शपथ आता उरलीच कुठे, असं म्हणून गावाने हरबाला ओसरीवर बसवलं. पंत पोरांमध्ये बसू लागले. त्यांचा मत्सर गेला असं मात्र कोणी म्हणत नाही. हरबाला अडवायचं म्हणून ते रात्रंदिवस डोकं खाजवून वाकडेतिकडे प्रश्न काढायचे, आणि हरबा "ठाव नाय" म्हणाला की लहान मुलासारखे टाळ्या पिटायचे. पोरं प्रश्न विचारायला शिकली ती म्हणे त्यांच्याच शेजारी बसून.

आजही कोंडसावळ्यात नवे गुरुजी किंवा बाई आल्या की त्यांना आधी या विहिरीत उतरवतात आणि शिडी वर ओढून घेतात. पोरं कडेला बसून एकेक प्रश्न खाली टाकतात. उत्तरं येत राहिली की शिडी वरच. मागे एक फार हुशार गुरुजी आले होते, ते दिवेलागणीपर्यंत खालीच होते. "ठाऊक नाही" असं खालून ऐकू आलं, की शिडी सुटते. ज्याच्या प्रश्नाने ती सुटली त्या पोराला, किंवा पोरीला, गाव त्या वर्षी 'पंत' म्हणतं, आणि बाकीची पोरं वर्षभर त्याच्यावर जळत राहतात.