परीट आणि आईचं जुनेर

आटपाट नगरात राजे राहतात. आपल्या गोष्टीत राजा नाही, म्हणून नगरही नाही. आपलं आहे आटपाट तळं.

तळं एवढं मोठं, की या काठावर कुणी शिंकलं तर त्या काठावरून ‘शतंजीव’ यायला दुपार होते. पाणी मात्र गुडघाभर. त्यात हिरवंगार लव्हाळं, तपकिरी मखमली पाणकणसं, गुलाबी कमळं, आणि कमळाच्या पानांवरून तुरुतुरु चालणारे कमळपक्षी. काठावर सरकारनं पाटी लावलेली: ‘हे पाखरांचं घर आहे. हळू बोला.’ लव्हाळवाडीची माणसं मोठी आज्ञाधारक. तिथं भांडणंसुद्धा कुजबुजत होतात, आणि कोंबडा आरवायच्या आधी इकडेतिकडे बघून घेतो. पटत नसेल तर जाऊन ऐका. काहीच ऐकू आलं नाही, तर समजा मी खरं बोललो.

दिवाळीचे दिवे विझले की या तळ्यावर दुसरे दिवे लागतात. उत्तरेकडून पाखरं येतात. केशरी केशरी चक्रवाक, लालचुटूक काटकुळ्या पायांचे शेकाटे, राखाडी झगे घातलेले करकोचे. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या ओढलेले पट्टकदंब हंस तर बर्फाचे डोंगर ओलांडून येतात. चपट्या चोचीचं एक बदकही येतं, त्याचं नाव थापट्या. ते थापा मारतं की नाही ठाऊक नाही, पण नावावरून आमच्याच घराण्यातलं वाटतं.

सगळं गाव पाखरांची वाट बघायचं. एकटी हौसा सोडून.

हौसा म्हणजे दुधाचे दात नुकते पडायला लागलेली चिमुरडी. नाव हौसा, पण बिचारीची हौस म्हणून एकही पुरी झालेली नव्हती. पाखरं तळ्यावर उतरायची आणि त्याच सुमारास तिचे आई-बापू गाडी जुंपून दूरच्या मुलखात ऊस तोडायला निघायचे. होळी झाली, पाखरं उडाली, की गाडी परत यायची. हौसानं त्याचं गाणंच केलं होतं:

पाखरं आली, आई गेली,
पाखरं गेली, आई आली.

गाडी निघाली की बापू पुढे तोंड करून बैल हाकायचे. आई मात्र मागे तोंड करून बसायची. वळणावरची बाभळ येईपर्यंत आई हौसाकडे बघत राहायची. बाभळीनं आईला झाकलं, तरी हौसा बाभळीकडे बघत राहायची.

मग ती आणि सोनाआत्या, दोघीच घरात. आत्या लव्हाळ्याच्या चटया विणायची. रात्री हौसा आईचं जुनेर पांघरून झोपायची. अंजिरी रंगाचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं ते लुगडं. आत्या कुरकुरायची, “अगं, उभं राहील आता ते आपल्या पायांवर! दे इकडं, धुऊन टाकते.”

“नको गं आत्या. आईचा वास जाईल.”

चुलीचा धूर, खरपूस भाकरी आणि इवलासा खोबरेल तेलाचा वास. पण वास मोठा चुकार असतो. रोज थोडा थोडा पळतो. संक्रांत आली तेव्हा तो फक्त एका कोपऱ्यात उरला होता. हौसा झोपताना तेवढाच कोपरा नाकाशी धरायची, आणि हळूच श्वास घ्यायची. संपू नये म्हणून.

एका पहाटे ती लव्हाळं आणायला तळ्यावर गेली. अंगाभोवती जुनेर गुंडाळलेलं. सगळीकडे दुधाळ, मोतिया धुकं. वळणावरच्या बाभळीपाशी तिला दिसलं, की धुक्याचा एक लांबच लांब पदर काट्यांत अडकलाय आणि वाऱ्यानं टर्र टर्र फाटतोय.

धुकं कधी फाटतं का? त्या दिवशी फाटत होतं. हौसाला राहवेना. तिनं चवड्यांवर उभं राहून एकेका काट्यातून ते सोडवायला सुरुवात केली. बोटांवर लाल लाल थेंब उमटले, पण तिनं पदर अखेरपर्यंत सोडवला आणि हलकेच पाणकणसांवर पसरला.

“हळू गं बाई! मलमल आहे ती,” कुणीतरी म्हणालं.

ओल्या वाळूवर एक चिमुकला पक्षी उभा होता. पोट पांढरंशुभ्र, छातीवर काळा चांदवा, आणि लांब शेपटी सारखी वर-खाली, वर-खाली.

“तू तर परीट पक्षी,” हौसा म्हणाली.

“लिहिता येतं? मग लिही माझं नाव चिखलात.”

हौसानं काडीनं लिहिलं, परीट.

“आता शेवटचं अक्षर पायानं पूस.”

हौसानं अंगठ्यानं ‘ट’ पुसला, आणि काय सांगू! चिखलातली अक्षरं चांदीसारखी चमचमली, पक्ष्याचे पंख दवाच्या जाळीचे झाले, आणि करंगळीएवढी एक परी तिथं हसत उभी राहिली. शेपटी मात्र होती तिथंच. वर-खाली, वर-खाली.

“ही काही जात नाही मेली,” परी लाजून म्हणाली. “पाखरांबरोबर ये-जा करून सवय लागलीय. मी तळ्याची परीटपरी. रात्रभर पाखरांना पडलेली स्वप्नं पहाटे धुते आणि वाळत घालते. त्यालाच तुम्ही धुकं म्हणता.”

“म्हणजे धुकं हे धुणं आहे?”

“मग! कुणीतरी ‘ण’च्या जागी ‘क’ लिहून बसलं, त्याला मी काय करू? हौसे, तू माझं धुणं वाचवलंस. आता एक गोष्ट माग. पण नीट ऐक हं. मागणं एकदाच. धुकं विरेपर्यंत ते मागे घेता येतं, पण मागे घेतलंस तर दुसरं मिळत नाही. मी नवीन काही घडवत नाही, फक्त इकडचं तिकडे करते. आणि मला माणसं उचलता येत नाहीत. फार जड असतात. अंगानं नव्हे गं, काळजीनं.”

हौसाचं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. ‘आई’ म्हणायचं होतं तिला. माणसं चालत नाहीत म्हणे! ती अंगठ्यानं चिखल उकरत राहिली. मग एकदम तिचे डोळे लकाकले.

“पाखरं उचलता येतात?”

“पाखरं? ती तर कापसासारखी.”

“मग सगळी पाखरं आजच घालव. ती गेली की आई येते.”

परीची शेपटी पहिल्यांदाच थांबली. “असं कुणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला पाहिजे? दरवर्षी बघते मी.”

“हौसे, अजून थंडी सरली नाही. वाटेत बर्फाचे डोंगर आहेत…”

“घालव ना गं,” हौसा म्हणाली, आणि तिचा आवाज जुनेराच्या कोपऱ्याएवढा लहान झाला. “वास संपत आलाय.”

 परीनं धुक्याचा पदर उचलला आणि तळ्यावरून एकदा झटकला.

सळसळ, फडफड! सगळ्या तळ्यानं माना वर केल्या. केशरी थवा उठला, राखाडी थवा उठला, लाल पाय पोटाशी घेत शेकाटे उठले. थापट्या तर घास गिळायच्या आधीच उडाला. आभाळभर पंखांची नक्षी झाली. हौसा टाळ्या पिटायला निघाली, तेवढ्यात जवळच्या लव्हाळ्यातून बारीक आवाज आला, “आंग… आंग…”

पट्टकदंबाचं एक पिल्लू होतं. पिल्लू म्हणजे अंगानं मोठं झालेलं, पण मासे धरायच्या जाळ्याच्या तुटक्या दोऱ्यात त्याचा पंख गुरफटला होता. ते उडी मारायचं आणि चिखलात पडायचं. वर त्याची आई होती. परीच्या झटक्यानं तिला थांबता येत नव्हतं, पंख तिला पुढे पुढे नेत होते. पण मान? मान मागे वळलेली. ती मागे बघत जात होती.

ते बघणं हौसाच्या ओळखीचं होतं. गाडीत मागे तोंड करून बसलेलं बघणं.

धुकं विरत चाललं होतं. पलीकडचा काठ दिसायला लागला होता. हौसानं एकदा वळणाकडे पाहिलं, एकदा पिल्लाकडे. आणि लव्हाळवाडीच्या सात पिढ्यांत कुणी ओरडलं नसेल एवढ्या मोठ्यानं ती ओरडली,

“नको! राहू दे! परत आण त्यांना!”

आभाळ थबकलं. मग पानं गळावीत तशी पाखरं खाली आली. मादी हंस तर आधी पिल्लाशेजारी धप्पकन आपटली आणि मग पंख मिटले.

“मागणं संपलं बरं, हौसे,” परी हळूच म्हणाली.

“ठाऊक आहे.”

हौसा चिखलात उतरली. तिनं एकेक वेढा काढून दोरा सोडवला. पंख सुजला होता, पिल्लू थडथड कापत होतं. हौसानं अंगावरचं जुनेर काढलं. कोपरा एकदा नाकाशी धरला. आणि मग त्याच कोपऱ्यानं पिल्लाचा पंख पुसला, आणि अख्खं जुनेर त्याच्याभोवती गुंडाळलं.

आत्या घरी वाटच बघत होती. “मघाशी कोण गं केकाटलं?”

“मी.”

“अगं बया! आणि जुनेर कुठंय?”

“हंसाच्या पिल्लाला पांघरलंय.”

आत्यानं तिच्या रक्ताळलेल्या बोटांकडे पाहिलं. हळद लावली, आणि त्या रात्री पोरीला कुशीत घेतलं. कूस मायेची होती, पण तिला लव्हाळ्याचा वास होता.

त्यानंतर हौसा रोज मूठभर धान्य घेऊन तळ्यावर जायची. पिल्लू बरं होत गेलं. जुनेराला आता चिखलाचा, शेवाळाचा आणि हंसाचा वास येत होता. हौसा तरी रोज तो कोपरा हुंगून बघायची. परीट वाळूवर शेपटी उडवत हिंडायचा, पण बोलायचा नाही.

होळीची राख गार झाली आणि एका सोनसळी सकाळी पाखरांनी निघायचं ठरवलं. आपलं आपण. पट्टकदंबांचा बाण आभाळात चढला. मादी हंस मागे बघत नव्हती. कशाला बघेल? पिल्लू तिच्या शेजारीच उडत होतं.

बाभळीवर जुनेर वाळत घातलेलं होतं. लख्ख, अंजिरी, दवानं चमचमणारं. वरच्या फांदीवर परी बसली होती.

“तू धुतलंस?” हौसाचे डोळे भरून आले. “आता हंसाचापण वास गेला असेल.”

“घे तर खरं.”

हौसानं तोंड खुपसलं. चुलीचा धूर! खरपूस भाकरी! इवलंसं खोबरेल! आणि वर उसाचा गोड गोड वास.

“अगं, हे… तू तर नवीन काही घडवत नाहीस ना?”

“नाहीच मुळी. तिकडे तुझी आई तुझं जुनं झबलं उशाशी घेऊन झोपते. त्या उसाच्या पाचटाच्या झोपडीत तिची माया मावेना. थोडी इकडे आणली, आणि तुझी थोडी तिकडे नेली. हे मागणं नव्हे, बरं का. ही माझी धुलाई.” परीची शेपटी जोरजोरात हलली. “आता ऐक. यातला धागा काढून आत्याच्या चटयांच्या काठात घाल. दुसऱ्याच्या झोपेसाठी जेवढा काढशील, तेवढा तो वाढेल. आणि कोनाड्यात लपवून ठेवलंस, तर ते साधं जुनेर.”

“तू पुन्हा येशील?”

“पाखरांबरोबर. पण तेव्हा तरी माझी वाट बघ हं, मुली.”

कोवळं ऊन पाण्याला टेकलं. तळं सोन्याचं झालं, दवाचा थेंब न् थेंब पेटला, आणि त्या झगमगाटात परी विरघळून गेली. उरली फक्त शेपटीची थरथर. वर-खाली, वर-खाली. मग तीही नाही.

तोवर वळणावर घुंगरं वाजली. गाडी येत होती. बापू बैल हाकत होते, आणि आई या खेपेला पुढे तोंड करून उभी होती. गाडी थांबायच्या आधीच तिनं उडी टाकली.

“हौसे, काल रात्री माझ्या उशाला तळ्याचा वास आला बघ,” आई म्हणाली. बाकीचं ती बोलूच शकली नाही, कारण हौसा तिच्या गळ्यात होती.

त्या उन्हाळ्यात आत्याच्या चटयांना एक अंजिरी काठ आला. त्या चटईवर पाठ टेकली की रडकी बाळंसुद्धा आईच्या कुशीत असल्यासारखी गाढ झोपायची. एका गावाचं ऐकून दुसरं गाव आलं. आत्याचे दोन हात पुरेनात. मग आई विणायला बसली, बापू लव्हाळं कापायला लागले, आणि जुनेर काही केल्या संपेना.

पुन्हा दिवाळी झाली. एका पहाटे तळ्यावर धुकं वाळत पडलं होतं आणि ओल्या वाळूवर एक परीट शेपटी उडवत होता. उत्तरेकडून पहिला थवा उतरला. हौसानं सवयीनं वळणाकडे पाहिलं. तिथं बाभळ होती, नुसती बाभळ. गाडी अंगणात पडून होती, आणि तिच्या दांडीवर बसून बापू चहा पीत होते.

“आई,” हौसा कुजबुजली, “पाखरं आली.”

“येऊ देत की,” चटईवरून मान वर न करता आई म्हणाली. “तू जरा तो धागा धर.”

हौसानं धागा धरला. आणि तिच्या गाण्याचं शेपूट, परीच्या नावाचं पुसलं होतं तसं, तिनं पुसून टाकलं:

पाखरं आली, आई घरी,
धुणं वाळवते परीटपरी.

ही कहाणी पाण्यात भिजली, धुक्यावर वाळली, घडी करून तुमच्या उशाशी ठेवली. तिचा वास पळायच्या आत डोळे मिटा.