नंदीचं वशिंड

डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात एक पाथरवट राहत होता. महादेवाच्या देवळातला जुना नंदी भंगला, तेव्हा नवा घडवायचं काम त्याच्याकडे आलं. तीन वर्षं खपून त्याने नंदी घडवला. वशिंड तर असं भरदार उतरलं, की स्वारी त्यावर हात फिरवत तासन्‌तास बसून राही.

नंदी गाभाऱ्यासमोर बसला आणि गावाला कंठ फुटला. सावकार म्हणाले, "कान जाड झालेत." पाथरवट पडला भिडस्त. त्याने कान तासायला घेतला, तर टोकच उडालं! सावकार हळहळले आणि जेवायला घरी गेले. उडालेलं टोक काही परत बसेना.

"आता कुणी काहीही सांगो, छिन्नी लावणार नाही," पाथरवटाने कानाला खडा लावला. मग शेपूट आखूड म्हणणारे आले, डोळे बटबटीत म्हणणारे आले. तो नुसता मान डोलवी.

एका सोमवारी कमरेत वाकलेली एक म्हातारी आली. नंदीच्या मागे उभं राहून शिंगांमधून पिंडीचं दर्शन घ्यायची रीत. म्हातारीने टाचा उंचावल्या, मान इकडे केली, तिकडे केली.

"काय झालं गं आजी?"

"काही नाही रे बाबा. नंदी लई देखणा केलास. जुना ठेंगणा होता, त्याच्या शिंगांतनं देव दिसायचा. आता नुसतं वशिंड दिसतं. पाटावर चढावं तर गुडघे ऐकत नाहीत. असू दे. माझीच कंबर वाकली, तू तरी काय करशील?"

पाथरवटाच्या काळजात चर्र झालं. बाकीचे सगळे नंदी बघायला आले होते. म्हातारी देव बघायला आली होती, आणि नंदी घडवला होता तो त्यासाठीच.

त्याने छिन्नी आणली. पुन्हा टवका उडाला तर? आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम होतं ते.

"आजी, तू इथंच उभी राहा. देव दिसला की सांग."

तो वशिंड थोडं तासायचा आणि विचारायचा, "दिसला?"

"नाही रे."

दुपार कलली तेव्हा म्हातारी ओरडली, "दिसला! दिसला माझा भोळा!" तिचे डोळे भरून वाहू लागले. "लेका, तुझे उपकार कसे फेडू?"

पाथरवटाने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "उपकार तुझेच, आजी. तू बोलली नसतीस तर माझा नंदी जन्मभर देवाच्या आड बसला असता."

दुसऱ्या दिवशी सावकार म्हणाले, "वशिंड बसकं झालं की रे!"

"झालं खरं," पाथरवट हसून म्हणाला, आणि म्हातारीला दर्शनासाठी वाट करून दिली.

तात्पर्य: शंभर जणांची मतं ऐकून सोडून द्यावीत, पण ज्याच्यासाठी काम केलं त्यालाच ते आड येत असेल, तर आवडतं तेही तासावं आणि सांगणाऱ्याचे आभार मानावेत.